किल मायनस नाइन देऊनही न मरणारी प्रोसेस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कंप्यूटरची काळजी कशी घ्यावी यावर जो लेख आला होता त्यात शेवटी एक सल्ला होता, की एखादा प्रोग्रॅम अडकला तर त्याला किल मायनस नाइन, म्हणजे जबरदस्तीने बंद करायची कमांड, द्या आणि तरीही नाही गेला तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. बाकी लेख चांगला होता, आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, पण ही दोन वाक्यं काही डोक्यातून जाईनात म्हणून हे पत्र. मी गेली १९ वर्षं पुण्यात स्टोरेज ड्रायव्हर लिहितो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्क यांच्या मधलं जे सॉफ्टवेअर असतं ते. नाइन देऊनही जी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, मरत नाही ती का मरत नाही हे समजून न घेता तिला मारायच्या मागे लागलं की काय होतं ते मी फार जवळून बघितलंय.

आधी सिग्नल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोसेसला मारलेली ती हाक असते. कंट्रोल सी दाबलं की २ नंबरचा सिग्नल जातो, नुसतं किल म्हटलं की १५ नंबरचा, आणि ९ नंबरचा सिगकिल असा आहे की प्रोग्रॅमला तो अडवताही येत नाही आणि कानाआडही करता येत नाही. त्यामुळे सगळ्यांचा समज झालाय की नाइन दिला म्हणजे प्रोसेस जागच्या जागी मेली. तसं होत नाही. सिग्नलची नोंद होते, पण प्रोसेस जर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, आत डिस्कच्या उत्तराची वाट बघत झोपली असेल आणि ती झोप अनइंटरप्टिबल, म्हणजे सिग्नलने मोडता न येणारी, असेल तर तिला त्या हाकेने जाग येत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस कमांड दिली की स्टेटच्या रकान्यात कधी कधी डी दिसतो ना, तो हाच.

आता ही अशी झोप ठेवलीच कशाला, असं कोणीही विचारेल. त्यासाठी पिठाच्या गिरणीत जाऊ. आमच्या कर्वेनगरात अजून गिरणी चालते. गिरणीवाला आपले गहू वरून ओततो आणि आपलाच रिकामा डबा खाली लावतो, गिरणी चालू होते, पीठ पडायला लागतं. तेवढ्यात तुम्हाला घरून फोन आला की आहात तसे निघा. तुम्ही खालचा डबा ओढून घेतलात आणि निघालात, पण गिरणीला तुमच्या फोनचं काही माहीत नाही, वरचे गहू संपेपर्यंत ती पीठ टाकतच राहणार. ते जमिनीवर सांडलं तर बरं, निदान सगळ्यांना दिसतं. पण मागच्या नंबरच्या काकूंनी तोपर्यंत मोकळी जागा बघून आपला डबा तिथे सरकवला असेल आणि त्यात उपवासाची भाजणी दळून घेतलेली असेल, तर तुमचं गव्हाचं पीठ त्यांच्या भाजणीत पडणार आणि त्यांना ते कळणार थेट एकादशीला, किंवा कळणारच नाही.

डिस्कचं अगदी असंच आहे. प्रोग्रॅमने फाइल वाचायला मागितली की ड्रायव्हर डिस्क कंट्रोलरला सांगतो, मेमरीतल्या या पत्त्यावर एवढा डेटा आणून टाक. त्यानंतर कंट्रोलर तो डेटा स्वतःच मेमरीत लिहितो, सीपीयूला मधे घेतच नाही, याला डीएमए म्हणतात. मधेच प्रोसेस मारली आणि तिची मेमरी मोकळी करून दुसऱ्या कोणाला दिली तरी कंट्रोलर जुन्या पत्त्यावरच लिहिणार, कारण त्याला परत कोणी काही सांगितलेलंच नाही. आणि ती दुसरी प्रोसेस म्हणजे बँकेचा डेटाबेस असू शकतो, हॉस्पिटलचा रेकॉर्ड असू शकतो, काहीही असू शकतं.

म्हणून ही काळजी, लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्समधे फार आधीपासून आहे. १९७५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीतसुद्धा प्रोसेस झोपवताना तिला एक प्रायॉरिटी द्यायचे, तो आकडा शून्याच्या खाली असेल तर सिग्नलने ती झोप मोडायची नाही, आणि डिस्कच्या बफरसाठी, म्हणजे डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागेसाठी, थांबणाऱ्या प्रोसेसचा आकडा शून्याच्या खालीच होता. कीबोर्डसाठी थांबलेली प्रोसेस मात्र सिग्नलने उठायची. ते बरोबरच आहे, कारण माणूस बटण कधी दाबेल याचा काही नेम नाही पण डिस्कचं उत्तर काही मिलिसेकंदात येतं असंच तेव्हा सगळे धरून चालायचे.

अडचण पुढे आली, डिस्क नेटवर्कच्या पलीकडे गेल्यावर. एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पुरवणारं मशीन, बंद पडला की इकडे शंभर प्रोसेस डी मधे जाऊन बसायच्या आणि तो सर्व्हर परत येईपर्यंत किंवा मशीन रीबूट करेपर्यंत बहुतेक वेळा सुटका नसायची. मग २००८ साली लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत टास्क किलेबल नावाची मधली स्थिती आली. त्यात झोपलेली प्रोसेस साध्या सिग्नलने उठत नाही, फक्त जीव घेणाऱ्या सिग्नलने उठते. मला हा विचार फार आवडतो, कारण ४०-५० वर्षांत जगभर लिहिलेले प्रोग्रॅम असं धरून चालतात की डिस्कवरची फाइल वाचताना रीड मधेच अर्धवट परत येणार नाही, आणि प्रोसेस मरणारच असेल तर तो अर्धवट निकाल बघायला कोणी उरतच नाही, म्हणजे जुना कुठलाच प्रोग्रॅम मोडत नाही. पण लोक इथे एक चूक करतात. किलेबल झोपेने प्रोसेस उठते एवढंच, कंट्रोलरकडे गेलेली कमांड काही त्याने परत येत नाही. डबा अजून गिरणीखालीच असतो, त्याचं काय करायचं ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच बघावं लागतं.

आमच्याकडे हेच झालं होतं, तेव्हा मी ज्या ऑफिसात होतो तिथे. एका कस्टमरची देखरेख करणारी स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी आमच्या ड्रायव्हरकडून स्टोरेज बॉक्सचा लॉग मागायची आणि २० सेकंदात उत्तर नाही आलं तर तो प्रोग्रॅम किल करायची. बॉक्सवर लोड असला की उत्तराला ४० सेकंद लागायचे, प्रोग्रॅम डी मधे, किल होत नाही, वर पुढची स्क्रिप्ट सुरू, मग तिच्या पुढची, आणि मशीनवर किती कामं खोळंबली आहेत ते सांगणारा लोड अ‍ॅव्हरेज ६०-७० च्या घरात. लिनक्स लोड अ‍ॅव्हरेजमधे डी मधल्या प्रोसेसही मोजतो त्यामुळे सीपीयू रिकामा बसलेला असताना आकडा बघून तिकडचे लोक घाबरून गेले, आणि ते बरोबरच होतं, त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. तक्रार आली की तुमचा ड्रायव्हर प्रोसेस मरू देत नाही. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने कोडमधे बदल केला, वेट फॉर कम्प्लिशन होतं तिथे वेट फॉर कम्प्लिशन इंटरप्टिबल केलं, म्हणजे झोप कुठल्याही सिग्नलने मोडेल अशी. एका शब्दाचा बदल. रिव्ह्यूमधे चौघांनी बघितला, मी पण बघितला आणि मी पण हो म्हटलं. टेस्टिंगमधे सगळं पास झालं, प्रोसेस पटापट मरायला लागल्या, कस्टमर खूश झाला.

दोन महिन्यांनी तिकडची मशीनं पॅनिक व्हायला, म्हणजे कर्नलच कोलमडून बंद पडायला लागली. कधी नेटवर्कच्या कोडमधे, कधी फाइलसिस्टीममधे, कशाचा कशाशी संबंध नाही. तीन आठवडे आम्ही चार जण तेच करत होतो. मेमरीत चुकीच्या जागी कोण लिहितंय ते पकडणारं कासान नावाचं टूल लावलं, ते गप्प, कारण ते सीपीयूने केलेलं लिखाण बघतं आणि इथे लिहिणारा सीपीयू नव्हताच. शेवटी एका क्रॅश डम्पमधे, म्हणजे मशीन कोलमडलं तेव्हाच्या मेमरीच्या प्रतीत, नेटवर्कच्या एका स्ट्रक्चरच्या मधोमध आम्हाला आमच्याच फर्मवेअरच्या, म्हणजे बॉक्सच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, लॉगमधलं वाक्य दिसलं. ते वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग आयओएमएमयू कडक मोडमधे चालू केलं, म्हणजे उपकरणाला नेमून दिलेल्या मेमरीच्या बाहेर लिहूच द्यायचं नाही, आणि लगेच लॉगमधे फॉल्ट यायला लागले, प्रत्येक वेळी किल दिल्यानंतर साधारण २० सेकंदांनी. २० व्या सेकंदाला प्रोसेस मरत होती, तिचा बफर परत दुसऱ्याला मिळत होता, आणि ४० व्या सेकंदाला बॉक्स प्रामाणिकपणे आपला लॉग जुन्या पत्त्यावर आणून टाकत होता. त्यातून कमांडचं स्ट्रक्चर आमच्या कोडमधे स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत होतं, फंक्शन परत गेलं की तो स्टॅक दुसऱ्याच कामाचा, आणि इंटरप्ट, म्हणजे काम झाल्याचा कंट्रोलरचा इशारा, आल्यावर ड्रायव्हर तिथे जाऊन काम झालं म्हणून खूण करत होता.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्नही चुकलाच. सिग्नल आला तर कंट्रोलरला कमांड सोडून दे असं सांगणारा अ‍ॅबॉर्ट पाठवायचा आणि अ‍ॅबॉर्टच्या उत्तराची वाट बघायची असं लिहिलं, पण ती वाटही इंटरप्टिबलच ठेवली. सिग्नल तर अजून तसाच पेंडिंग होता, त्यामुळे दुसरी झोप लागायच्या आधीच मोडायची आणि परत तोच प्रकार. ही चूक मी नंतर इतरांच्या कोडमधेही बघितली, आणि तिची बहीण म्हणजे लूपमधे इंटरप्टिबल झोप घ्यायची आणि तिने काय उत्तर दिलं ते बघायचंच नाही, मग सिग्नल आला की लूप न थांबता फिरत राहतो आणि एक सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो.

जे शेवटी टिकलं ते असं होतं. कमांडचं स्ट्रक्चर आणि बफर दोन्ही स्टॅकवरून काढून वेगळ्या मेमरीत ठेवले आणि त्यांचे मालक दोन केले, एक वाट बघणारी प्रोसेस आणि दुसरा ड्रायव्हर स्वतः, जो शेवटी सोडेल त्याने मेमरी मोकळी करायची. पहिली झोप किलेबल. नाइन आला तर अ‍ॅबॉर्ट पाठवायचा आणि त्याच्या उत्तरासाठी अनइंटरप्टिबल थांबायचं पण वेळेची मर्यादा घालून. त्या वेळात कंट्रोलरने कमांड सोडली असं नाही सांगितलं तर प्रोसेसला जाऊ द्यायचं, पण बफर ड्रायव्हरकडेच अडकवून ठेवायचा, कंट्रोलर रीसेट होईपर्यंत कोणालाही द्यायचा नाही. त्यात थोडी मेमरी अडकून पडते, पडू दे, दुसऱ्याच्या भाजणीत पीठ पडण्यापेक्षा एक डबा गिरणीतच राहिलेला चालेल. पण हे जमलं कारण बफर ड्रायव्हरचा होता. डेटा थेट प्रोसेसच्याच मेमरीत जात असेल तर मात्र कमांड परत येईपर्यंत थांबण्याला माझ्या मते दुसरा चांगला पर्याय नाही.

हे फक्त आमच्याच ड्रायव्हरमधे झालं असंही नाही. लिनक्समधे एसजी नावाचा ड्रायव्हर आहे, त्यातून प्रोग्रॅमला थेट एससीएसआय कमांड, म्हणजे डिस्क आणि टेपसारख्या उपकरणांच्या भाषेतल्या कमांड, पाठवता येतात. त्यात २०१३ साली अशीच एक भयंकर चूक सापडली आणि दुरुस्त झाली. कमांड चालू असताना सिग्नल आला की प्रोसेस निघून जायची, मागे राहिलेलं काम एक कर्नल थ्रेड पूर्ण करायचा, आणि आलेला डेटा यूजरच्या पत्त्यावर कॉपी करायला जायचा. पण कर्नल थ्रेडला स्वतःची यूजर मेमरी नसते, त्याच्या आधी त्या सीपीयूवर जी प्रोसेस चालू होती तिचाच नकाशा तो वापरत असतो. म्हणजे एका प्रोग्रॅमचा डेटा भलत्याच प्रोग्रॅमच्या मेमरीत. दुरुस्ती किती लहान होती तर कॉपी करायच्या आधी आपण कर्नल थ्रेडमधे आहोत का एवढं तपासायचं. इतक्या लोकांनी वाचलेल्या कोडमधे हे राहू शकतं तर आपण सगळ्यांनी किती सांभाळून राहायला हवं.

अजून एक गोष्ट जी नवीन मुलांना हमखास चुकवते ती म्हणजे सिग्नल आल्यावर परत काय द्यायचं. कर्नलला ईरीस्टार्टसिस असं सांगितलं की तो सिस्टीम कॉल परत पहिल्यापासून चालवू शकतो. डिस्कवरचा तोच ब्लॉक दोनदा वाचला तर काही बिघडत नाही. पण टेपवर लिहायची कमांड असेल आणि ती कंट्रोलरकडे गेलेली असेल तर परत चालवल्यावर तोच ब्लॉक टेपवर दोनदा जाईल कारण टेप तोपर्यंत पुढे सरकलेली असते. कमांड निघाली नसेल तेव्हाच रीस्टार्ट म्हणायचं, काही बाइट गेले असतील तर तेवढा आकडा द्यायचा, आणि निघाली पण कुठपर्यंत पोचली माहीत नाही अशा वेळी सरळ एरर द्यायची. हे मी प्रत्येक नव्या मुलाला वहीत लिहून घ्यायला लावतो.

आता तुमच्या वाचकांसाठी, कारण सगळे काही ड्रायव्हर लिहीत नाहीत. प्रोसेस डी मधे दिसली तर नाइन परत परत देऊन काही होत नाही, एकदा दिलेला पुरेसा आहे. थोडं थांबा. लिनक्समधे साध्या डिस्कच्या कमांडला ३० सेकंदांची मर्यादा असते, ती संपली की कर्नल आधी अ‍ॅबॉर्ट करून बघतो, मग डिस्क रीसेट, मग बस, मग अख्खा कंट्रोलर, याला मिनिटंही लागू शकतात आणि बहुतेक वेळा यातच सुटका होते. बऱ्याच सिस्टीमवर १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलेल्या प्रोसेसची ओळ कर्नलच्या लॉगमधे येते, डीमेसेज कमांडने ती बघा, त्यात नक्की कुठे अडकली ते लिहिलेलं असतं, आणि तिथेच डिस्कच्या एरर दिसल्या तर आधी बॅकअपचं बघा. एनएफएस असेल तर पलीकडचा सर्व्हर जिवंत आहे का ते बघा, वायर बघा. पॉवरचं बटण सगळ्यात शेवटी, कारण अडकलेली एक प्रोसेस सोडून बाकीच्या शंभर जणी जे लिहीत होत्या तेही त्यात जातं.

खरं मागणं वेगळंच आहे आणि ते इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडे आहे. ज्या शहरात सीडॅक या सरकारी संस्थेने १९९१ मधे परम ८००० हा सुपरकंप्यूटर बनवला, जिथे पाषाणला हवामानाच्या अंदाजासाठी सुपरकंप्यूटर चालतो आणि त्याच्या मागे डिस्कच डिस्क आहेत, त्या शहरात माझ्याकडे इंटरव्ह्यूला येणारी बहुतेक मुलं सिग्नलबद्दल एकच गोष्ट सांगतात, की सिगइंटचा, म्हणजे कंट्रोल सी च्या सिग्नलचा, हँडलर (तो आल्यावर चालणारं फंक्शन) लिहायचा आणि त्यात प्रिंटएफ करून काहीतरी छापायचं. हँडलरच्या आत प्रिंटएफ सुरक्षित नाही हेसुद्धा त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मुलं हुशार असतात, मेहनती असतात, विचारलं की डी स्टेट म्हणजे काय तर डिस्क खराब झाली असं सांगतात. यात मुलांची चूक नाही, लॅबमधे त्यांना हे कधी दाखवलंच नाही.

दाखवणं अवघड नाही आणि महागही नाही, कुठलाही जुना लॅपटॉप चालतो. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपर या सोयीने डिस्कच्या एका तुकड्यावर आपलं एक डिव्हाइस बनवायचं, त्यावर फाइलसिस्टीम माउंट करायची आणि दोन छोटे प्रोग्रॅम लिहायचे, दोन्ही फाइल उघडून थांबतात आणि एन्टर दाबल्यावर वाचतात, फरक एवढाच की एक साधा वाचतो आणि दुसरा ओ डायरेक्ट लावून, म्हणजे डेटा थेट स्वतःच्या मेमरीत मागवून, वाचतो. आता डीएमसेटअप सस्पेंड द्यायचं, म्हणजे डिव्हाइस सगळ्या कमांड रोखून धरतं, आणि दोन्हीकडे एन्टर दाबायचं. फाइल आधीच कर्नलच्या मेमरीत आलेली नसेल तर दोघेही अडकतात. दोघांनाही नाइन द्यायचा. साधा प्रोग्रॅम तिथल्या तिथे मरतो, कारण त्याचा डेटा आधी कर्नलच्या पेज कॅशमधे, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत, येणार असतो, डबा गिरणीवाल्याचाच, गिऱ्हाईक गेलं तरी चालतं. डायरेक्टवाला मरत नाही, त्याचा डबा स्वतःचा आहे आणि तो गिरणीखाली लावलेला आहे. मग डीएमसेटअप रिझ्यूम द्यायचं, डिव्हाइस अडवलेल्या कमांड सोडतं, डेटा येतो, डबा मोकळा होतो आणि त्याच क्षणी कधीचा पेंडिंग असलेला नाइन लागू होऊन तोही जातो.

शनिवारी मला सुट्टी असते. पुण्यातल्या किंवा पिंपरी चिंचवडच्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमधे मी माझा लॅपटॉप घेऊन यायला तयार आहे, पैसे नकोत, दोन तास आणि एक प्रोजेक्टर पुरे. माझा पत्ता आणि फोन या पत्राबरोबर तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, कोणी विचारलं तर कृपया त्यांना द्यावा.

आपला,
एक स्टोरेज इंजिनिअर,
कर्वेनगर, पुणे